भाडे सरकारचे, उंबरा कुणाचा?

(१)

दलित साहित्याची समीक्षा गेली पन्नास वर्षे दोन जागांभोवती फिरत आली आहे. पहिली जागा गावकुसाबाहेरची: महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. दुसरी शहराच्या पोटातली: झोपडपट्टी, फूटपाथ, पुलाखालचा अंधार. या दोन जागांवर आपल्या लेखकांनी भरपूर लिहिले आणि समीक्षकांनी त्याहून अधिक लिहिले. परंतु वाड्यातून निघालेला माणूस एकदम झोपडपट्टीत जात नाही, किंवा एकदम स्वतःच्या फ्लॅटमध्येही पोहोचत नाही. मध्ये एक लांबलचक टप्पा असतो. तो भाड्याच्या खोलीचा. शिकायला गेलेला मुलगा, नव्याने नोकरीला लागलेला मास्तर, बदली झालेला तलाठी, प्रशिक्षणाला आलेली नर्स, ही सारी माणसे प्रथम कुणाच्या तरी दारात उभी राहतात आणि विचारतात, 'खोली आहे का?' दलित मध्यमवर्गाने आपले पहिले पाऊल या प्रश्नापाशी टाकले. आपल्या समीक्षेने मात्र या प्रश्नाकडे जवळजवळ पाठच फिरवली.

आज तो उकरून काढायला कारण आहे. गेल्या काही वर्षांत सरकार भाडे देऊ लागले आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला खोलीचे पैसे मिळतात. पुनर्विकासासाठी चाळ सोडणाऱ्या कुटुंबाला दरमहा भाडे मिळते. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे पायी गावाकडे निघाले, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने शहरी स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. या योजनांची चर्चा अर्थशास्त्राच्या तासाला होते, साहित्याच्या तासाला होत नाही. पण शासन निर्णय ही सुद्धा एक संहिता असते. तिच्या मनात एक नायक असतो, आणि त्या नायकाला काय कमी आहे याविषयी तिची एक समजूत असते. भाडेसाहाय्याच्या संहितेतला नायक गरीब आहे. त्याच्यापाशी पैसे नाहीत. पैसे दिले की त्याला घर मिळेल, अशी ही समजूत आहे.

ही समजूत दलित साहित्याने, आणि दलित साहित्याच्याही आधी बाबासाहेबांच्या आयुष्याने, खोटी ठरवलेली आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

(२)

बडोद्याची हकिगत आपल्या सभांतून इतक्या वेळा सांगितली जाते की, तिच्यातला तपशील झिजून गेला आहे. तो पुन्हा नीट पाहिला पाहिजे. बाबासाहेबांनी स्वतः ही हकिगत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात नोंदवली. ते लेखन त्यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० मध्ये, पुस्तिकारूपाने आले.

परदेशात शिकून आलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. तिथे फक्त पारशी माणसाला राहता येत असे. रखवालदाराला पैशांची गरज होती आणि यांना जागेची. दिवसाला दीड रुपया जेवणखाण आणि जागा मिळून ठरला, आणि वहीत पारशी नाव लिहिले गेले. वरच्या मजल्यावरच्या त्या ओसाड दालनात ते राहू लागले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली दहाबारा माणसे जिना चढून वर आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेली. बाबासाहेब एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागून आले. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी बागेत बसून काढला.

सभेत ही हकिगत इथे संपते. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते. पण या हकिगतीत आणखी एक कागद आहे आणि तो आपण वाचत नाही. बाबासाहेबांनी संस्थानकडे सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. त्याचे उत्तर यायच्या आधी काठ्या आल्या.

या प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, भाडे भरलेले होते. पैशांचा प्रश्नच नव्हता. माणूस वरिष्ठ पदावर काम करायला आलेला होता. दोन, खोली मिळाली ती खोट्या नावावर. म्हणजे भाडे दीड रुपया नव्हते, दीड रुपया आणि स्वतःचे नाव असे होते. तीन, सरकारकडे त्याला देण्यासारखे घर होते आणि तरी ते वेळेवर दिले गेले नाही. पैसा, नाव आणि सरकार या तिन्हींचा हिशेब बडोद्यात मांडला गेला, आणि पुढे आपल्या साहित्यात भाड्याच्या खोलीचे जे जे चित्र आले, ते याच हिशेबाचा विस्तार आहे.

मात्र याच काळातली दुसरी बाजूही आपण विसरतो. मुंबईत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांचे भाडेकरू होते. ही चाळ मुंबई सुधार ट्रस्टने बांधलेली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला होता. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर ते सार्वजनिक गृहनिर्माणातले भाडेकरू होते. 'मूकनायक' निघाला, महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदांना जाणे झाले, ते सारे या पत्त्यावरून. राजगृह नंतरचे. ज्या जागेचा मालक काठी घेऊन जिना चढणार नव्हता, तिथे आपली चळवळ बावीस वर्षे निर्धास्त झोपू शकली. बडोद्याची धर्मशाळा आणि परळची चाळ यांच्यातला हा फरक गृहनिर्माणाच्या सगळ्या धोरणांनी समजून घ्यावा, असा आहे.

(३)

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आणि त्याच नावाचा संग्रह १९६३ चा. या कथेवर आपण विद्रोहाची कथा म्हणून लिहिले, अस्मितेची कथा म्हणून लिहिले. ती मुळात राहायला जागा शोधणाऱ्या माणसाची कथा आहे, हे किती जणांनी लिहिले? रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी आलेला तरुण. नोकरी पक्की, पगार ठरलेला, भाडे द्यायची तयारी. पण जागेच्या दारात भाड्याचा आकडा निघण्याआधी जात निघते. मग तो जात झाकतो. पुढे कथेत जे जे घडते, मैत्री, कविता, माणुसकीचा तात्पुरता उजेड आणि अखेरचा मार, ते सगळे या झाकलेल्या जातीच्या पायावर उभे आहे. बडोद्याच्या वहीत लिहिलेले खोटे नाव बागुलांच्या कथेत पुन्हा आले आहे. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, संविधान आले, रेल्वेत राखीव जागा आल्या. सरकारने नोकरी दिली. खोली देणारा मात्र जुनाच राहिला.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) कावाखान्याचे वर्णन आहे. एका खोलीत दोन-तीन पोटभाडेकरू, मध्ये सामानाचा आडोसा, आणि त्या आडोशाच्या अलीकडे-पलीकडे अख्खे संसार. हे वर्णन आपण दारिद्र्याचे म्हणून वाचतो, आणि ते आहेच. पण प्रश्न असा विचारला पाहिजे की, एवढ्या मोठ्या मुंबईत ही सगळी माणसे एकाच ठिकाणी का दाटली? गाववाल्याने गाववाल्याला आसरा दिला म्हणून, हे खरे. पण दुसऱ्या कुणी दिला नाही म्हणून, हे त्याहून खरे. पोटभाडेकरू ही दलितांनी एकमेकांना दिलेली भाडेसवलतच होती. सरकारच्या कुठल्याही योजनेच्या आधी ती चालू झाली आणि तिच्यासाठी कुणालाही उत्पन्नाचा दाखला लागला नाही.

सांगवीहून नीरेचा पूल ओलांडला की फलटण तालुका लागतो. लक्ष्मण माने त्या तालुक्यातले. त्यांच्या 'उपरा'ला (१९८०) साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यावर चर्चासत्रे झाली. 'उपरा'च्या आरंभी घर गाढवाच्या पाठीवर आहे. अखेरीस तोच मुलगा शिकलेला आहे, आंतरजातीय लग्न केलेला आहे आणि तरीही आसऱ्यासाठी हिंडतो आहे. शिक्षणाने पाल सुटले, पण उपरेपण सुटले नाही. ज्या शब्दाने पुस्तकाला नाव दिले, तो शब्द शेवटी घराविषयीचाच शब्द आहे. आमच्या भागात एखाद्याला 'उपरा' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो: याचे इथे घर नाही, आणि ते व्हावे अशी कुणाची इच्छाही नाही.

या तिन्ही पुस्तकांतली खोली गरिबीने नाकारलेली नाही. ती ओळखीने नाकारलेली आहे. असे असूनही आपल्या समीक्षेने तिला 'पार्श्वभूमी' मानले. भूक, अत्याचार, धर्मांतर, विद्रोह हे विषय मानले गेले. खोली ही त्या विषयांची जागा मानली गेली. परिणाम असा झाला की, सरकार भाडेयोजना आखू लागले तेव्हा त्याच्या पुढे ठेवायला आपल्यापाशी मांडणी नव्हती. पुरावा पुस्तकांत पडून होता.

(४)

आता संहितेकडे येऊ. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध विद्यार्थी, अकरावीपासून पुढे शिकणारा, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेला, शिकण्याच्या गावचा रहिवासी नसलेला, अशा विद्यार्थ्याच्या खात्यात भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी रक्कम जमा होते. मूळ दरांनुसार मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३,०००, त्यांत निवासाचे १२,०००. पुढे ही योजना तालुक्याच्या ठिकाणांपर्यंत आणण्यात आली.

ही योजना वाईट आहे असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. माझ्या वर्गातली काही मुले या पैशांवर शिकली आहेत. तरी हिशेब करून पाहा. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले, तर पुण्यात खोलीसाठी महिन्याला दोन हजार रुपये आणि जिल्ह्याच्या गावी बाराशे. पुण्यात दोन हजारांत आज काय मिळते, हे वाचकांना सांगायला नको. शिवाय हप्ता वर्ष उलटून गेल्यावर हातात पडतो, ही मुलांची नेहमीची तक्रार. घरमालक वर्ष उलटेपर्यंत थांबत नाही.

पण रकमेचा मुद्दा दुय्यम आहे. मुख्य मुद्दा असा की, रक्कम मिळायला भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे योजना गृहीत धरते की खोली आधीच मिळालेली आहे. घरमालकाशी बोलणे, त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे, त्याच्याकडून कागद लिहून घेणे, हे सारे अठरा वर्षांच्या पोराने एकट्याने करायचे. सरकार त्यानंतर येणार.

हे प्रश्न कोणते असतात, ते मला माहीत आहे. माझ्या घरात मी पहिला पदवीधर. आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या उसात खुरपणी केली. मी नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर एका तालुक्याच्या गावी शिकवायला लागलो, तेव्हा खोली शोधत हिंडलो. एका घरी मावशींनी चहा दिला, खोली दाखवली, भाडे सांगितले. मी हो म्हटले. मग त्यांनी गाव विचारले.

"सांगवी," मी म्हणालो.

"सांगवीत कुठं?"

शहरात राहणाऱ्या वाचकाला हा प्रश्न साधा वाटेल. खेड्यातल्या माणसाला तो कळतो. गावात कुठे राहता हे सांगितले की पुढचे काही सांगावे लागत नाही. आडनाव फसवू शकते, आळी फसवत नाही. मी खरे ते सांगितले. मावशी अतिशय मायेने म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण माझा भाचा यायचाय शिकायला. खोली त्यालाच शब्द दिलाय." पुढे वर्षभर मी त्या रस्त्याने महाविद्यालयात जात होतो. त्या खोलीला कुलूप होते. भाचा आला नाही. कुलूप लावलेली खोली दरमहा भाडे बुडवते. एवढे नुकसान सोसायला माणसे तयार असतात. मग सरकारने दिलेल्या दोन हजारांनी त्यांचे मन कसे वळणार?

माझ्या एका विद्यार्थ्याने तर याच्याही पुढची पायरी पाहिली. त्याला खोली मिळाली. पण मालक कागद करून देईना. "रोख द्या, राहा, सही-शिक्का नको." महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. हे त्या पोराने मालकाला सांगितले असते तर खोली गेली असती. कागद नाही म्हणून योजना अडली. अखेर तो गावाच्या कडेला, आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसाच्या पत्र्याच्या खोलीत पाच मुलांबरोबर राहिला. त्या माणसाने कागद दिला आणि पैसे मिळाले. योजनेच्या दप्तरी हे यश म्हणून नोंदले गेले असेल. प्रत्यक्षात काय झाले? सरकारच्या पैशाने मुलाला पुन्हा वस्तीत आणून सोडले. जातीची सीमा ओलांडणे ज्या योजनेच्या हिशेबातच नाही, ती योजना त्या सीमेच्या आतच पैसा फिरवते. कावाखान्यातल्या पोटभाडेकरूला आता अनुदान मिळते, एवढाच बदल.

मुलींची गोष्ट याहून बिकट आहे. मुलगा दहा दारे हिंडतो, रात्री मित्राकडे पडतो. मुलीच्या बाबतीत घरचे दहाव्या दाराची वाट पाहत नाहीत. दुसऱ्या दारावरच तिला परत बोलावतात. मग तिचे नाव योजनेच्या यादीत येतच नाही. जी अर्जच करू शकली नाही, तिची नोंद कुठे होणार?

(५)

सरकारला बाजारातले भाडे माहीत नाही, असे मात्र नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींकडे पाहा. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. मजुरांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा संकल्प होता. खर्च भागवण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. भाड्यातली तूट या कापसाने भरून काढायची होती. भाडेसाहाय्याची ही आपल्याकडची एक जुनी योजना म्हणावी लागेल. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची.

या चाळींत सरकार मालक होते, म्हणून दलित कुटुंबांना त्यांत शिरता आले. कोकणातून, देशावरून आलेला महार गिरणीत, गोदीत, नगरपालिकेत कामाला लागला आणि सरकारी खोलीचा भाडेकरू झाला. खाजगी मालकाच्या दारात जे जमले नसते, ते इथे जमले. तरीही चाळी जातवार ओळखल्या जातच राहिल्या. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली ती याच चाळींमधून. त्यानंतरच्या मोर्च्यात भागवत जाधव मारले गेले. तेव्हा सरकारी मालकीने जात नाहीशी होते, असा भाबडा दावा कुणी करू नये. पण एवढे खरे की, दंगल झाली म्हणून कुणाही दलित भाडेकरूला मालकाने 'संध्याकाळच्या आत खोली सोड' असे सांगितले नाही. सांगू शकला नाही. परळच्या चाळीतला निर्धास्तपणा तो हाच.

आज या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, आणि ते होईपर्यंत ज्यांना संक्रमण शिबिर नको त्यांना दरमहा २५,००० रुपये भाडे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. शंभर वर्षे चाळीत काढलेल्यांना घर मिळाले, याचा आनंदच आहे. एका कुटुंबाचे भाडे आणि एका विद्यार्थ्याच्या कॉटचे भाडे यांची सरळ तुलना होणार नाही, हेही मान्य. तरी एक गोष्ट लपत नाही. जिथे जमीन सोन्याची आहे आणि भाडेकरू हलल्याशिवाय ती मोकळी होत नाही, तिथे सरकारला चालू बाजारभाव अचूक माहीत असतो आणि तो दरमहा द्यायचा असतो हेही माहीत असते. जिथे मागणारा पोरगा हलला काय, राहिला काय, कुणाचे काही अडत नाही, तिथे महिन्याला दोन हजार, आणि तेही उशिरा.

आणखी एक. पंचवीस हजार खिशात असलेला चाळकरीही शेवटी खाजगी मालकाच्याच दारात जाऊन उभा राहतो. शंभर वर्षे ज्याला आळी सांगावी लागली नव्हती, त्याला आता 'चाळीत कुठं?' हा प्रश्न ऐकावा लागतो.

(६)

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा वापरण्यास अडवणे हा गुन्हा ठरवलेला आहे. कायदा चांगला आहे. पण 'भाचा यायचाय' हे वाक्य त्याच्या कोणत्या कलमात बसते? 'आमच्याकडे शाकाहारीच लागतं' हे कोणत्या कलमात बसते? २०१५ मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाव बदलले की तोच पगार, तीच नोकरी असलेल्या माणसाला मिळणारे उत्तर बदलते, हे त्यात दिसले. दलिताला आणि मुसलमानाला नकार, किंवा नकारासारख्या अटी.

उलट दिशेनेही पाहावे लागेल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा उपविधी वैध मानला. अल्पसंख्य पारशी समाजाविषयी आमच्या मनात किल्मिष नाही. आपली वस्ती टिकावी ही त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. पण ते तत्त्व एकदा मान्य झाले की त्याचा लाभ अल्पसंख्यांपुरता राहत नाही. बहुसंख्य आणि बलिष्ठ जाती त्याच आडोशाने सोसायट्या बांधतात. बडोद्याच्या धर्मशाळेतला नियम जिना चढून न्यायालयात गेला आणि तिथून प्रमाणपत्र घेऊन खाली आला, असे वाटले तर दोष कुणाला द्यावा?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याशी आपल्या चळवळीने नाते सांगितले आहे. तिथला क्रम पाहण्यासारखा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच, १९६८ मध्ये, घर विकताना वा भाड्याने देताना वर्णावरून नकार देणे बेकायदा ठरवणारा कायदा झाला. गरिबांना खाजगी घरांचे भाडे भरण्यासाठी साहाय्य देणारी मोठी योजना त्यानंतर, १९७४ मध्ये आली. आधी उंबऱ्याचा कायदा, मग भाड्याचा पैसा. तरीही सरकारी मदतीवरचा भाडेकरू नको, असे म्हणणारे मालक तिथे निघालेच, आणि त्यावर अनेक राज्यांना वेगळे कायदे करावे लागले. आपल्याकडे पैसा आला आहे, पण घरमालकाच्या सबबींपुढे टिकेल असा भाडेकरूच्या बाजूचा कायदा अजून नाही.

(७)

शेवटी आपल्या घराकडे बोट दाखवले पाहिजे. नाहीतर हा लेख दुसऱ्याच्या उंबऱ्यावरच अडून राहील. आपल्यातलेही काही जण आता घरमालक झाले आहेत. नोकरदारांच्या वसाहती झाल्या, वर एक मजला चढला, खाली खोली भाड्याने देण्याइतकी ऐपत आली. त्या खोलीच्या दारात मांगाचा मुलगा, कैकाड्याची मुलगी, पारधी पोर येऊन उभे राहते तेव्हा आपण काय विचारतो? 'गावात कुठं?' हा प्रश्न मी आपल्या वसाहतींमधूनही ऐकला आहे. बुद्धवंदना संपवून उठलेल्या माणसाच्या तोंडून ऐकला आहे. ज्या प्रश्नाने आपल्याला जाळले, तो आपल्या जिभेवर इतक्या सहज कसा आला? याचे उत्तर दलित साहित्याने द्यायचे आहे. ते समाजकल्याण खात्याच्या कक्षेत येत नाही.

सरकारकडे मागायचे ते स्पष्ट असावे. वसतिगृहाला पर्याय म्हणून भाडे, हा क्रम बदलला पाहिजे. वसतिगृह आधी, आणि तिथे जागा नाही म्हणून भाडे. जोवर पुरेशी वसतिगृहे नाहीत, तोवर खात्याने स्वतः इमारती भाड्याने घ्याव्यात आणि खोल्या विद्यार्थ्यांना वाटाव्यात. खात्याची कित्येक वसतिगृहे आजही भाड्याच्या इमारतींत चालतात. तेव्हा हे अशक्य नाही. करारावर सरकारचे नाव असले की मालकाला विद्यार्थ्याचे गाव विचारण्याचे कारण उरत नाही. भाड्याची रक्कम त्या त्या गावच्या चालू दराशी जोडावी आणि दरमहा द्यावी. भाड्याने घर देताना जातीवरून केलेला नकार, तो कोणत्याही सबबीखाली असो, दंडनीय ठरवणारे स्पष्ट कलम असावे.

आणि साहित्याकडे मागायचे ते असे. आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्या खोल्यांविषयी लिहावे. किती दारे हिंडलो, कोणी काय विचारले, आपण काय उत्तर दिले, कुठे खोटे बोललो, ते लिहावे. त्याला आत्मकथनाचा थाट नको, प्रतिमा नकोत. तारीख, भाडे आणि झालेले बोलणे एवढे पुरे. बागुलांनी एका माणसाची गोष्ट लिहिली, ती कथा झाली. शंभर मुलांनी लिहिले तर तो पुरावा होईल, आणि पुढचा शासन निर्णय लिहिणाऱ्याला तो वाचावा लागेल.

बडोद्याच्या ज्या बागेत बाबासाहेब बसून राहिले, ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. लोक तिथे जाऊन नतमस्तक होतात. तिथे जावे. पण परत येताना त्या दिवशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर फिरत असलेला घराचा अर्जही आठवावा. आमच्या महाविद्यालयात स्वाधारचे अर्ज भरताना मला दरवर्षी तो आठवतो.